उमरीकरांना दिसणारी ज्योत

तारनाक्याच्या शशिकांतराव उमरीकरांना आपल्या डोळ्यांचा जेवढा अभिमान होता तेवढा काही आईबापांना पोटच्या पोरांचाही नसतो. उभा जन्म त्यांनी हैदराबादच्या कारखान्यांत बर्नर बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवला होता. बर्नर म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी बसवलेली भली मोठी शेगडी. त्या शेगडीतली ज्योत धडधाकट आहे की आजारी, हे शशिकांतराव नुसत्या नजरेनं सांगत. पिवळी पडली की हवा कमी. थरथरायला लागली की गॅसचा दाब हलतोय. एका अंगाला कलली की नोझल तुंबलं. डॉक्टर जीभ बघतात तशी ते ज्योत बघत आणि तिथल्या तिथं औषध सांगत.

घराणं मूळचं नांदेडकडच्या उमरीचं. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून म्हणून आले ते इथलेच झाले, वडील रेल्वेत लागले. घरात सगळे टेबलाशी बसून पेन्शनीत निघालेले, शशिकांतराव तेवढे बॉयलरच्या खोल्यांत रमले. नाचारमच्या ज्या लहानशा कंपनीत ते होते, तिच्या मालकांनी त्यांची साठी उलटली तरी त्यांना सोडलं नव्हतं. वर्षावर्षाच्या बोलीनं ठेवून घेत होते आणि दर वेळी म्हणत होते, "उमरीकर साब, आपकी आंख है तो हमारी कंपनी है." हे वाक्य शशिकांतराव घरी येऊन सरोजबाईंना ऐकवत. सरोजबाईंना ते पाठ झालं होतं.

कुठंही नवा बर्नर पहिल्यांदा पेटवायचा असला की एक रीत ठरलेली होती. नारळ फुटायचा, हळदकुंकू व्हायचं, पंखा सुरू व्हायचा, ठिणगी पडायची. मग शशिकांतराव पुढं होत आणि बर्नरच्या पाठीमागच्या काचेच्या झरोक्याला डोळा लावत. बॉयलरच्या खोलीत कुणी खोकतसुद्धा नसे. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ ते तसे राहत, हे त्यांच्या जिवलग मित्रालाही कबूल करावं लागेल. मग उजवा हात वर करून म्हणत, "है." तो शब्द पडल्याशिवाय कुणी गॅस वाढवत नसे. मोठमोठे मॅनेजर घड्याळ बघत थांबत, पण थांबत.

घरीही तेच. सरोजबाईंनी चहा टाकला की हे गॅसच्या शेगडीपुढं वाकून बघणार आणि "आज जरा रुसलीय" म्हणणार. लग्नाला गेले तर मांडवामागं जाऊन आचाऱ्याच्या भट्टीवर शेरे मारणार. मलकपेठेतल्या एका लग्नात तर आचाऱ्यानं त्यांच्या हातात गरम जिलेबीची पत्रावळ देऊन त्यांना परत मांडवात पाठवलं होतं. शशिकांतरावांनी तो मान समजून घेतला.

तर अशा माणसाला मोतीबिंदू झाला.

पहिल्यांदा तारनाक्याच्या चौकातल्या दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. मग वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की हल्लीच्या बातम्यांत वाचण्यासारखं काही उरलेलंच नाही. बेगम बाजारातून साधं जिरं आणायला सांगितलं तर शहाजिरं घेऊन आले, आणि माल फारच उत्तम होता म्हणून मुद्दाम घेतलं, असं सांगून मोकळे झाले. बसचा नंबर दिसेना म्हणून रिक्षानं जायला लागले आणि गुडघ्याचं नाव पुढं केलं. गुडघे बिचारे ठणठणीत होते.

सरोजबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कॉपी करणारं पोर त्यांना पाठमोरं कळायचं, मग नवरा काय लपवणार? त्यांनी सरळ सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडं चला. शशिकांतरावांनी आधी ऐकू आलं नाही असं दाखवलं, मग रागावले, मग दसरा झाल्यावर बघू म्हणाले. खरं कारण दुहेरी होतं. एक तर डोळ्यात साधा केरकचरा गेला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस, त्याच्या डोळ्यात कुणी शस्त्र घालणार या कल्पनेनंच त्याची पाचावर धारण बसत होती. आणि दुसरं, हे बाहेर फुटलं की मालक काय म्हणतील? ज्याची आंख म्हणजे कंपनी, त्याची आंखच गढूळ झाली तर पुढच्या वर्षी कोण ठेवून घेणार? घरी बसून सरोजबाईंच्या शेगडीवर शेरे मारत दिवस काढायचे, हे चित्र डोळ्यांपुढं आलं की त्यांना गलबलून यायचं. ते चित्र मात्र त्यांना स्पष्ट दिसायचं.

काम कसंबसं निभत होतं. डिझेलची, गॅसची ज्योत काही झालं तरी उजेडाचा गोळा म्हणून तरी दिसते. बाकीचं कान सांगायचा, थोडं नशीब सांगायचं. ते 'है' म्हणत आणि ती खरंच असे.

अशात कंपनीला पटणचेरूच्या पलीकडचं एक काम मिळालं. तिथं कॉस्टिक सोडा करताना हायड्रोजन वायू आपसूक तयार व्हायचा, आणि इतकी वर्षं तो नुसता हवेत सोडून देत. आता तिथल्या मालकांना वाटलं, फुकट जाणारा वायू बॉयलरमध्ये जाळावा, वाफ करावी. शशिकांतरावांच्या कंपनीनं बर्नर द्यायचा ठरला. त्यासाठी पुण्याहून प्राजक्ता नावाची इंजिनिअर मुलगी नोकरीला घेतली. हुशार होती, मेहनती होती, आणि शशिकांतरावांना मनापासून उमरीकर काका म्हणत होती. काका तिला "पुण्याची लोकं बोलताना इतकं मोजून का बोलायलेत गं?" म्हणून चिडवत, आणि ती त्यांच्या 'हौ' आणि 'नक्को'वर हसायची.

प्राजक्तानं कामाच्या आधी सगळ्यांना बसवून पडद्यावर माहिती दाखवली. शशिकांतराव मागच्या रांगेत बसले. पडद्यावर त्यांना पांढऱ्या ढगावर काळ्या मुंग्या चालल्यासारखं काहीतरी दिसलं. पुढं जाऊन बसावं तर लोकांना कळणार. मग त्यांनी आपल्याला हे सगळं मुखोद्गत आहे असा चेहरा केला आणि चहाचं निमित्त काढून बाहेर पडले. ते चहावाल्याशी गप्पा मारत असताना आत प्राजक्ता सांगत होती की हायड्रोजनच्या ज्योतीत कोळशाचा अंश नसतो. दुसऱ्या ज्योती पिवळ्या दिसतात त्या तापलेल्या कोळशाच्या कणांमुळं. हायड्रोजन जळून नुसतं पाणी होतं, म्हणून उजेडात ही ज्योत कुणाला दिसतच नाही. ज्योत ओळखणारी जुनी यंत्रंही तिच्यापुढं आंधळी ठरतात. पण तिच्यातून डोळ्याला न दिसणारे अल्ट्राव्हायोलेट किरण मात्र निघत असतात, ते हेरणारं खोकं, म्हणजे स्कॅनर, बर्नरला लावायचं. ज्योत विझली की ते खोकं वायू आपोआप बंद करतं. बंद नाही झाला तर वायू भट्टीत साठतो, आणि मग एका ठिणगीसरशी बॉयलर जागेवरून उडतो.

शशिकांतराव चहा पिऊन परत आले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांनीही वाजवल्या.

पेटवायचा दिवस आला. नारळ फुटला. आधी मदतीची छोटी गॅसची ज्योत लागली, ती त्यांना निळसर डागासारखी दिसली. मग हायड्रोजन सोडला, आणि ठरल्याप्रमाणं छोटी ज्योत बंद झाली. झरोक्याला डोळा लावून बसलेल्या शशिकांतरावांच्या पुढं अंधार झाला. काहीच नाही. हायड्रोजनची ज्योत जरा फिकी असते एवढं ते ऐकून होते, पण इतकी? म्हणजे डोळे आता पुरतेच गेले. मागं मॅनेजर उभे, मालक उभे, प्राजक्ता उभी, बॉयलर चालवणारा यादगिरी वॉल्ववर हात ठेवून उभा. सगळे त्या एका शब्दासाठी थांबलेले.

शशिकांतरावांनी उजवा हात वर केला. "है."

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पण प्राजक्तानं चकित होऊन विचारलं, "काका, दिसते तुम्हाला? कशी आहे?" आता मागं कसं फिरणार? त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि निवांतपणे सांगितलं, निळी आहे, कडेला जरा जांभळी झाक आहे, शेपूट किंचित उजवीकडं ओढतंय पण ते पुढं जाऊन बसेल. प्राजक्तानं हायड्रोजनचा बर्नर पुस्तकात पाहिला होता, प्रत्यक्षात तिचाही हा पहिलाच. वायूत थोडी अशुद्धी असली तर रंग येऊ शकतो, हे तिनं वाचलं होतं. शिवाय इतक्या वर्षांचा हा माणूस खोटं कशाला बोलेल? स्कॅनरही ज्योत आहे असंच दाखवत होता. तिनं विश्वास ठेवला, मॅनेजरांनाही ते सगळं हिंदीत सांगितलं, आणि तिथंच तिचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आलेल्या गिऱ्हाइकांपुढं शशिकांतरावांच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की जी ज्योत दुनियेत कुणाच्या डोळ्याला दिसत नाही ती आमच्या उमरीकरांना दिसते. शशिकांतरावांना चहाचा ठसका लागला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याआडून त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, आपले डोळे काल वाटले तेवढे गेलेले नाहीत. दोन, आपण चारचौघांत जाहीर थाप मारली आहे.

भला माणूस असता तर त्याच घटकेला बोलला असता. शशिकांतरावही भलेच होते, पण कौतुकाला ते फार लवकर भुलत. बोलू, आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता त्यांना ते कौतुक आवडायला लागलं. दुसऱ्या कारखान्यांचे लोक भेटायला आले की ते हळू आवाजात सांगत, नजर सरळ रोखायची नाही, जरा तिरकी ठेवायची, मन शांत पाहिजे. हरभऱ्याच्या झाडावर लोकांनी चढवलं होतं खरं, पण वरच्या फांदीवर ते स्वतःच्या पायांनी गेले.

प्राजक्ता म्हणाली, मलाही शिकवा. त्यांनी तिला झरोक्याशी उभं केलं, मान अशी कर, डोळे बारीक कर, असं सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी "हो काका, अगदी पुसट काहीतरी आहे" म्हणाली. शशिकांतराव क्षणभर चक्रावले. मग त्यांनी यादगिरीला बोलावलं. यादगिरीनं एक डोळा लावून पाहिलं, दुसरा लावून पाहिलं, आणि सरळ सांगितलं, "नै दिखा साब." शशिकांतरावांनी त्याची कीव केली आणि तुझी नजर अजून कच्ची आहे म्हणाले.

घरी हे सगळं ऐकल्यावर सरोजबाईंनी भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "मी आज कोणत्या रंगाची साडी नेसलेय?"

शशिकांतराव म्हणाले, निळी. साडी हिरवी होती. सरोजबाईंनी त्यांच्या पानात त्या दिवशी भाजी कमी वाढली.

पावसाळा सरून हवा थंड व्हायला लागली आणि त्या बर्नरनं त्रास द्यायला सुरुवात केली. चालता चालता स्कॅनर एकाएकी ज्योत विझली असं म्हणायचा, वायू बंद करायचा, आणि वाफ थांबायची. वाफ थांबली की सगळा कारखाना थांबायचा. पुन्हा भट्टीत हवा मारून सगळा जुना वायू बाहेर काढा, पुन्हा पेटवा, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. प्राजक्तानं स्कॅनर पुसला, बदलून पाहिला, काही फरक पडेना. प्लँटचे मॅनेजर तापट गृहस्थ होते, त्यांनी शशिकांतराव आणि प्राजक्ता दोघांना बोलावून घेतलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. खोकं खोटं बोलतंय. खोक्याच्या तारा जोडून टाकायच्या, म्हणजे त्याला वाटेल ज्योत कायम आहेच, आणि ते वायू बंद करणार नाही. त्याच्या जागी काका झरोक्याशी उभे राहतील. ज्योत गेली तर आवाज देतील, यादगिरी हातानं वॉल्व बंद करेल. सणाची ऑर्डर गेली की मग काय ती दुरुस्ती करा.

प्राजक्ता म्हणाली की असं कुणीही कधीही करत नाही, हे फार धोक्याचं आहे. मॅनेजर म्हणाले, माणसाला दिसत नसेल तर धोक्याचं, पण यांना दिसते ना? हे आम्हाला तुम्हीच सांगितलंत मॅडम, अगदी जांभळ्या कडेसकट. प्राजक्तानं काकांकडं पाहिलं, पण ते दुसरीकडं बघत होते.

बर्नर पुन्हा पेटवला गेला. इलेक्ट्रिशियन पेटी उघडून तार हातात घेऊन उभा राहिला. यादगिरीनं आपलं स्टूल ओढून बर्नरच्या अगदी पुढ्यात ठेवलं, कारण हातानं फिरवायचा वॉल्व तिथंच होता. प्राजक्तानं त्याला विचारलं, भीती नाही वाटत? तो कपाळाचा घाम पुसत हसला.

"मैं कायकू डरूं मॅडम? साब देखरे ना."

शशिकांतराव झरोक्याशी होते. त्यांना आत तापलेल्या विटांची धुरकट लाली दिसत होती, बस. ज्योत असली तरी तेवढंच दिसणार होतं आणि विझली तरी बराच वेळ तेवढंच दिसणार होतं. कानावर भरवसा ठेवावा तर पंख्याच्या गडगडाटात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आजवर त्यांच्या थापेनं कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण मागं ते खोकं जागं होतं. आता ते झोपवणार आणि त्याच्या जागी आपण. आणि पुढ्यात स्टुलावर हा बसलाय, ज्यानं सगळ्यांत खरं सांगितलं होतं की मला दिसत नाही, आणि ज्याला आपण कच्च्या नजरेचा म्हणालो होतो.

बोललो तर नोकरी गेली, नाव गेलं, मालकांचं ते वाक्य गेलं. आयुष्यभर ज्याच्यावर मिजास केली ते सगळं या खोलीत, या लोकांसमोर जाणार. त्यांना मनापासून वाटलं की जमीन दुभंगावी. जमीन काही दुभंगली नाही. इलेक्ट्रिशियननं तारेचं टोक सोललं आणि विचारलं, जोडू का?

"तार जोडू नको," शशिकांतराव म्हणाले.

मॅनेजरांनी काय झालं म्हणून विचारलं. काच घाण झाली असेल तर पुसून देतो, असंही म्हणाले.

"काच चांगली आहे. मला दिसत नाही. कधीच दिसली नव्हती. मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

हे ते मराठीतच बोलले. मॅनेजरांना शब्द कळले नसावेत, पण चेहरा कळला. मग शशिकांतराव यादगिरीकडं वळले आणि तेच त्याच्या भाषेत म्हणाले, अगदी हळू. यादगिरी स्टुलावरून उठला. तो रागावला नाही, ओरडला नाही. त्यानं एकदा बर्नरकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं पाहिलं.

"साब, मैं तो आपकी बात पे रोज इधरीच खाना खाता था," तो म्हणाला आणि खोलीबाहेर गेला.

मॅनेजर कुणाला तरी फोन लावत होते, प्राजक्ता इलेक्ट्रिशियनच्या हातातली तार काढून घेत होती, तेवढ्यात खट् आवाज झाला. स्कॅनरनं वायू तोडला होता. प्राजक्ता धावत झरोक्याशी गेली. आत विटा तशाच लाल होत्या, पंखा तसाच गडगडत होता, काहीही बदललेलं नव्हतं. खोलीतल्या एकाही माणसाला ज्योत गेल्याचं कळलं नसतं. तार जोडलेली असती तर वायू तसाच आत जात राहिला असता आणि शशिकांतराव झरोक्याला डोळा लावून उभे राहिले असते. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. मॅनेजरांनी फोन खिशात घातला.

मग प्राजक्तानं वायूच्या नळीचा खालचा कोपरा उघडायला लावला, तर तिथून भसाभसा पाणी आलं. कारखान्यातून येणारा हायड्रोजन ओला असतो. हवा थंड व्हायला लागल्यावर नळीत पाणी धरत होतं आणि त्याचा लोट ज्योतीवर जाऊन ती खरोखरच विझत होती. त्या खोक्यानं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्या कारखान्यात तेवढं ते खोकं आणि यादगिरी, दोघंच काय ते खरं बोलले होते.

परतीच्या वाटेवर गाडीत प्राजक्ता खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "काका, मलाही काही दिसलं नव्हतं. तुम्ही एवढे मोठे, म्हणून मी हो म्हटलं." शशिकांतराव म्हणाले, हौ, मला माहीत होतं. मग त्यांना वाटलं, निदान आजच्या दिवशी तरी खरं बोलावं, आणि म्हणाले, नाही, माहीत नव्हतं. मला वाटलं तुला खरंच दिसली, आणि रात्रभर मला झोप नव्हती.

मालक भडकले. त्यांनी काढून टाकलं नाही, पण डोळे करून या आणि मग बोलू, एवढंच म्हणाले. कंपनी आणि आंख यांच्याबद्दलचं ते वाक्य त्यानंतर कुणी ऐकलं नाही. घरी सरोजबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशीची वेळ ठरवून टाकली. ऑपरेशनच्या टेबलावर शशिकांतरावांनी मारुतीचं, बालाजीचं आणि डॉक्टरांच्या आईचं, तिघांचंही नाव घेतलं. ते आटोपून बाहेर आले तेव्हा म्हणाले, झालं? एवढंच? या एवढ्याशासाठी मी तुम्हा सगळ्यांना वर्षभर छळलं? सरोजबाईंनी हो म्हटलं.

पट्टी निघाल्यावर त्यांना पहिल्यांदा भिंतीची पोपडी दिसली, मग सरोजबाईंच्या केसांतला पांढरा भाग, मग स्वतःचे खरखरीत हात. इतके दिवस हे सगळं मऊ दिसत होतं. दुसराही डोळा झाला आणि मग ते पटणचेरूला गेले. कुणी पाठवलं नव्हतं.

नळीला आता पाणी काढून टाकायची वाट केलेली होती आणि बर्नर व्यवस्थित चालला होता. मॅनेजरांनी ओळख दाखवली नाही. यादगिरी दारात उभा होता. त्याचं स्टूल बॉयलरपासून लांब, पार कपाटाच्या पलीकडं गेलेलं होतं. जेवायची वेळ होती, पण डबा त्यानं दारातच ठेवला होता. त्यानं सलाम केला, नेहमीसारखाच. पण आता तो साहेबांकडं बघून हसला नाही.

शशिकांतरावांनी झरोक्याला डोळा लावला. लख्ख दिसत होतं. विटांच्या फटी दिसत होत्या, नोझलची भोकं दिसत होती. ज्योत दिसत नव्हती.

"कुछ नै दिखरा," ते यादगिरीला म्हणाले.

यादगिरीनं मान हलवली. शशिकांतराव तिथंच, बर्नरच्या पुढ्यात, जिथं वॉल्व होता तिथं जमिनीवर बसले. सरोजबाईंनी दिलेला डबा उघडला आणि जेवायला लागले. घास गिळताना त्यांना भीती वाटत होती. आजवर कधी वाटली नव्हती तेवढी वाटत होती. न दिसणाऱ्या ज्योतीशेजारी दुसऱ्याच्या शब्दावर बसणं म्हणजे काय ते त्यांना पहिल्यांदा कळत होतं. ते उठले मात्र नाहीत.

यादगिरी बराच वेळ दारातच उभा होता. मग त्यानं आपला डबा उचलला आणि आत आला. शशिकांतरावांनी सरकून जागा केली. पण बसायच्या आधी यादगिरी स्कॅनरच्या खोक्यापाशी गेला, ज्योत आहे की नाही ते सांगणारा त्याच्यावरचा आकडा नीट वाचला, आणि मगच त्यांच्याशेजारी येऊन बसला.